अगत्य अजून आहे, ऑल्डवर्थला जाऊन बघा

वरती कोणीतरी लिहिलंय की इंग्लंडातल्या खेड्यांतल्या जुन्या पबांमध्ये आता नुसती महागडी जेवणं उरलीत, अगत्य संपलं. बऱ्याच ठिकाणी खरंय ते, पण बर्कशरमधल्या ऑल्डवर्थचा 'बेल इन' बघा एकदा. 250 वर्षांहून जास्त काळ एकाच घराण्याकडे आहे, आणि कॅम्रा या पारंपरिक बिअर आणि पबांसाठी झटणाऱ्या संस्थेचा देशातला सर्वोत्तम पब हा मान त्याला 1990 ला मिळाला आणि परत 2019 ला, मला वाटतं मधल्या काळात त्यांनी उगाच काही बदललं नाही म्हणूनच.

आम्ही रिजवेवर, म्हणजे तिथल्या जुन्या लांबलचक पायवाटेवर, चालून चालून दमलेलो, आईपण बरोबर होती. तिथे नेहमीसारखं बारचं काउंटरच नाहीये, काचेची छोटी खिडकी आहे, तिच्यातूनच एलचा (ही एक प्रकारची बिअर) ग्लास हातात येतो, खायला गरम कुरकुरीत रोल. मोबाइलला मनाई, त्यामुळे लोक खरंच एकमेकांशी बोलतात! आई दारूला शिवत नाही, ती जरा अवघडूनच आत आली, तर शेकोटीजवळच्या एका आजोबांनी उठून तिला आपली जागा दिली आणि मग तासभर तिच्याशी आमच्या गावातल्या पावसाबद्दल बोलत बसले.