मदत हवी आहे: घाटात कटिंगच्या वर भेग, शॉटक्रीट किती जाड मारू?

घाटातला_नवा:
चौपदरीकरणाच्या साइटवर आहे. रस्त्यासाठी डोंगर कापलाय, त्या कटिंगच्या माथ्यावर भेग पडलीये, परवा नव्हती. साहेब म्हणतात शॉटक्रीट (फवारायचं काँक्रीट) मारून मोकळा हो. जाळी आलीये, मशीन उद्या येतंय. जाडी ५० मिमी ठेवू की ७५? संध्याकाळपर्यंत कळवायचंय, प्लीज लवकर.

सह्याद्री_बघ्या:
उंची? माती की दगड? भेग कडेपासून किती आत? फोटो टाका की.

घाटातला_नवा:
उंची १८ मीटर. नेहमीचंच, कोकणातलं. फोटो अपलोड होत नाहीये, रेंज नाही. जाडी सांगा ना.

बोगदेवाला:
आम्ही बोगद्यात ५० मिमीचा पहिला थर लगेच मारतो, मग रॉक बोल्ट (खडकात घालायचे लोखंडी दांडे), मग दुसरा थर. पुढचा खडक कसाय ते प्रोब होल मारून आधी बघायचं. उत्तराखंडच्या सिलक्यारा बोगद्यात २०२३ मध्ये ४१ जण १७ दिवस अडकले होते, विसरू नका.

सह्याद्री_बघ्या:
बोगदा कुठून आला मध्येच?

रूळकाका:
नेहमीचंच म्हणजे वर जांभा, खाली पांढरट-पिवळी चिकणमाती आणि तळाला काळा दगड, असंच ना? मग ऐक. जांभा म्हणजे चाळण. पाणी त्यातून उतरतं, चिकणमातीवर अडतं, ती लोण्यासारखी होते आणि वरचं सगळं घेऊन सुटते. तू तोंडावर काँक्रीट थापलंस की पाणी आतच तुंबणार. पाण्याला वाट नसेल तर ५० काय नि ७५ काय. कोकण रेल्वेच्या पेडण्याच्या बोगद्यात ऑगस्ट २०२० मध्ये भिंत पडली, जुलै २०२४ मध्ये त्याच बोगद्यात पाणी नि चिखल येऊन गाड्या थांबल्या. दोन्ही वेळा भर पावसात.

बोगदेवाला:
काका, शॉटक्रीटला पाणी बाहेर पडायला भोकं, म्हणजे वीप होल ठेवतात. उगाच बदनाम करू नका.

रूळकाका:
ठेवतात, आणि फवारताना बुजवतात. चाळीस वर्षं तेच बघतोय.

वाळावाली:
वाळा लावा! आमच्या बांधावर लावलाय, मुळं तीन मीटर जातात, एक ढेकूळ हललं नाही.

सह्याद्री_बघ्या:
ताई, वाळा वरची माती वाहू देत नाही, मान्य. पण हे सरकणार त्याच्या कितीतरी खालून. आणि आज लावून आज मुळं धरणार का?

चाकरमानी_दादर:
अवांतर: गणपतीला हा घाट चालू असेल का? २०२२ च्या जुलैत परशुराम घाट बंद होता तेव्हा चिरणी-आंबडसवरून गेलो, कंबर गेली कामातून.

घाटातला_नवा:
अहो गणपती कुठे! भेग कडेपासून ४ मीटर आत, साधारण ३० मीटर लांब. पायथ्याला पाणी गढूळ येतंय. पोकलेनवाला विचारतोय गटाराचं खोदकाम पुढे नेऊ का.

रूळकाका:
पायथा खोदताय? हे आत्ता सांगतोस? आधी पोकलेन थांबव. पायथ्याच्या वजनावर वरचं टेकलंय. खोदलेला दगड-मुरूम दुरून, भेगेच्या टप्प्याबाहेर राहून परत पायथ्याला लोटता आला तर लोट. भेगेत चिकणमाती ठासून वर ताडपत्री, आणि भेगेच्या डोंगराकडच्या बाजूला चर काढून पाणी वळव. दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकून दर दोन तासांनी टेप लाव. गढूळ पाणी म्हणजे आतली माती निघून चाललीये, हे लक्षात ठेव. जाळी राहू दे, ती सुटे दगड अडवते, डोंगर नाही.

बोगदेवाला:
इथे काकांशी सहमत. नंतर आडवी भोकं मारून पाइप घाला, आतून बाहेर किंचित उतार. नेलिंग, म्हणजे उतारात सळया घालणं, त्यानंतर.

सह्याद्री_बघ्या:
वर वस्ती आहे?

घाटातला_नवा:
चार घरं आहेत. पण लांब आहेत.

सह्याद्री_बघ्या:
लांब म्हणजे किती?

घाटातला_नवा:
पहिलं २५ मीटरवर असेल. पोकलेन थांबवला, साहेब भडकलेत. खुंट्यांतलं अंतर दुपारी ६०० मिमी होतं, आता ६१४.

रूळकाका:
माणसं बाहेर काढ. खालची एक लेन नाही, अख्खा रस्ता बंद कर. सरपंच नि तहसीलदारांना तू स्वतः फोन कर, साहेबांची वाट बघू नकोस. आणि रात्री भेगेजवळ कुणाला टेप घेऊन पाठवू नकोस.

घाटातला_नवा:
करतो. पहिल्या घरात एक आजी आहेत, निघायला तयार नाहीत. तिकडेच चाललोय.

चाकरमानी_दादर:
म्हणजे घाट बंदच ना?