क्यूएमूतली सी भाषेतली डिव्हाइसेस खरोखरच ‘भंगार’ आहेत काय?

शहापूरकर

‘टिळकवाडी’ यांनी परवा या गटात लिहिले, की क्यूएमूमधली, म्हणजे एका संगणकात दुसरा संगणक सॉफ्टवेअरने उभा करणाऱ्या प्रोग्राममधली, सी भाषेतली डिव्हाइस मॉडेल्स (चिप आणि कार्डांच्या सॉफ्टवेअर नकला) भंगार आहेत, नव्या मुलांनी तिथे एकही पॅच (दुरुस्तीचा बदल) पाठवू नये, मेमरीच्या चुका रोखणारी रस्ट ही भाषा थेट शिकावी, आणि पुरावा म्हणून व्हेनम नावाचा एकटा दोष पुरेसा आहे. वाचून सोडून देणार होतो. परंतु खाली अभियांत्रिकीच्या एका मुलाने ‘म्हणजे आम्ही इतके दिवस सी घोकली ती फुकटच’ असे लिहिलेले पाहिले आणि गप्प बसवेना.

व्हेनमपासूनच सुरुवात करू. मे २०१५ मध्ये जाहीर झालेला हा दोष फ्लॉपी कंट्रोलरच्या मॉडेलमध्ये २००४ पासून ठाण मांडून बसला होता. गेस्टने (क्यूएमूच्या आत चालणाऱ्या संगणकाने) डेटा पोर्टवर लिहिलेला प्रत्येक बाइट ५१२ बाइटांच्या बफरमध्ये जात असे आणि निर्देशांक एकाने पुढे सरकत असे. आज्ञा पूर्ण झाली की निर्देशांक शून्यावर यायला हवा होता. पण दोन आज्ञांच्या बाबतीत ते वेळेवर होत नसे, आणि गेस्टमधला हल्लेखोर लिहीतच राहिला तर बफरच्या पलीकडची मेमरी खराब करू शकत असे. दुरुस्तीचा गाभा काय होता? निर्देशांकाला ५१२ ने भागून बाकी घ्यायची. मूळ मॉडेल लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर शहाण्यासारखा वागणारा ड्रायव्हर होता, हल्लेखोर नव्हता. तीच समजूत घेऊन तुम्ही रस्टमध्ये लिहायला बसलात, तर दोष दुसऱ्या दाराने आत येईल.

ते दारही दाखवतो. नेटवर्क कार्डाचे मॉडेल गेस्टच्या रॅममधला डिस्क्रिप्टर (डेटा कुठे आणि किती आहे हे सांगणारी नोंद) वाचते, त्यातली लांबी तपासते आणि प्रत्यक्ष डेटा उचलताना तीच लांबी पुन्हा गेस्टच्या रॅममधून वाचते. या दोन वाचनांच्या मध्ये गेस्टच्या दुसऱ्या प्रोसेसरने लांबी बदलली, तर तपासला एक आकडा आणि वापरला दुसराच, असे होते. ती मेमरी तुमच्या प्रोग्रामच्या ताब्यातली नसल्यामुळे रस्टच्या मालकीहक्काच्या नियमांचा तिथे जोर चालत नाही. डिस्क्रिप्टर एकदाच आपल्याकडे कॉपी करून घ्यावा आणि पुढचे सगळे काम त्या कॉपीवरच करावे, हे लिहिणाऱ्या माणसालाच कळावे लागते.

टिळकवाडी

काका, तुमच्या अनुभवाबद्दल आदर ठेवून सांगतो, की दुरुस्ती एका ओळीची होती हा तुमचा नव्हे, माझा मुद्दा आहे. ती ओळ अकरा वर्षे कोणालाही सुचली नाही. रस्टमध्ये ॲरेची हद्द ओलांडताच प्रोग्राम पॅनिक होऊन थांबला असता. गेस्ट बंद पडला असता, हे मान्य. पण त्याच यंत्रावर चालणारे दुसऱ्या गिऱ्हाइकाचे गेस्ट आणि होस्ट (ज्यावर हे सगळे चालते तो मूळ संगणक) वाचले असते. सेवा बंद पडणे आणि गेस्टने होस्टचा ताबा घेणे, या दोन गोष्टी तुम्ही एकाच तराजूत तोलता आहात.

दोनदा वाचण्याच्या दोषाबद्दल म्हणाल, तर रस्टमध्ये गेस्टच्या मेमरीसाठी जी लायब्ररी वापरतात ती त्या मेमरीचा साधा संदर्भ सहजासहजी हातात देतच नाही. प्रत्येक वाचन म्हणजे उघड उघड कॉपी असते. चूक तरीही करता येते, पण ती डोळ्यांना दिसते. ॲमेझॉनने २०१८ मध्ये खुले केलेले फायरक्रॅकर हे क्यूएमूसारखेच काम करणारे सॉफ्टवेअर अख्खे रस्टमध्ये आहे. क्यूएमूनेही डिसेंबर २०२४ च्या ९.२ आवृत्तीत पीएल०११ या सीरियल पोर्टाचे मॉडेल रस्टमध्ये आणले आणि १०.० मध्ये एचपीईटी टायमर आणला. प्रकल्प चालवणारेच त्या वाटेला लागले असताना आपण इथे बसून सीची आरती का ओवाळायची?

आणि पॅच ईमेलने पाठवण्याची ती पद्धत! एका प्रकल्पाला मी पाठवलेला पॅच मेलच्या सॉफ्टवेअरने ओळी मोडल्यामुळे लागूच झाला नाही, आणि उत्तरात मजकुराविषयी एक शब्दही नव्हता. नवी मुले अशाने येतील कशी?

निपाणीकर

ईमेलचे रडगाणे बाजूला ठेवू. व्हेनमपेक्षा अलीकडचे आणि अवघड प्रकरण डीएमएतून (डिव्हाइसने प्रोसेसरला मधे न घेता थेट मेमरीत लिहिण्या-वाचण्यातून) होणाऱ्या पुनःप्रवेशाचे आहे, आणि ते तुम्हा दोघांनाही सोयीचे नाही.

गेस्ट डिव्हाइसला सांगतो, की डेटा अमुक पत्त्यावर लिही, आणि तो पत्ता रॅमचा न देता त्याच डिव्हाइसच्या रजिस्टरांचा देतो. मॉडेल आपल्या कॉलबॅकच्या (गेस्टने रजिस्टर वापरताच चालणाऱ्या फंक्शनच्या) मध्यात असताना डीएमए करते, मेमरीचा थर तो पत्ता ओळखून त्याच मॉडेलच्या कॉलबॅकला पुन्हा हाक मारतो, गेस्ट त्यातून रिसेट करवतो, बफर मोकळा होतो आणि बाहेरचा कॉलबॅक परत आल्यावर त्याच मोकळ्या झालेल्या बफरला हात घालतो. यूएसबी आणि स्कझी (डिस्क जोडण्याची एक जुनी पद्धत) कंट्रोलरांत असे दोष सापडत गेले. फझिंगचे (प्रोग्रामला वेडीवाकडी माहिती देऊन चुका शोधण्याचे) काम मी स्वतः केले आहे, म्हणून सांगतो, की हा प्रकार वाचून सापडणे फार कठीण असते. २०२३ मध्ये ८.१ आवृत्तीत यावर सर्वसाधारण उपाय आला: डिव्हाइस कामात असल्याची खूण ठेवायची आणि त्या अवस्थेत दुसरा प्रवेश नाकारायचा. गंमत अशी, की एलएसआयच्या जुन्या स्कझी कंट्रोलरसाठी ही राखण काही भागांत मुद्दाम उठवावी लागली, कारण त्याची स्क्रिप्ट स्वतःच्याच रजिस्टरांत लिहिते आणि खऱ्या चिपमध्ये ते रीतसर आहे.

रस्टमध्ये हेच घडले, तर एकाच वस्तूवर दोनदा बदलाचा हक्क मागितल्याबद्दल प्रोग्राम पॅनिक होईल. म्हणजे टिळकवाडी यांचे ‘होस्ट वाचला’ हे खरे; आणि रीतसर पुनःप्रवेश करणारे डिव्हाइस रस्टमध्ये कसे मांडायचे, हा शहापूरकरांचा प्रश्नही खरा.

शहापूरकर

मी तो प्रश्न विचारला नव्हता. पण माझ्या नावावर चांगला प्रश्न लावलात, म्हणून ठेवून घेतो.

उद्यमबाग

तुम्ही सगळे क्लाउडच्या गोष्टी करता. माझ्या शेडमध्ये एक जुने लेथ आहे. त्याचे नियंत्रण पीसीतल्या, आयएसए या जुन्या स्लॉटात बसणाऱ्या एका कार्डावर आणि डॉसमधल्या प्रोग्रामवर चालते. मदरबोर्ड शेवटच्या घटका मोजतो आहे आणि तशा स्लॉटचा बोर्ड मिळणे दुरापास्त झाले आहे. एका सल्लागाराने ‘क्यूएमूत टाकून देतो’ म्हणून पैसे घेतले. प्रोग्राम उघडला, स्क्रीन हुबेहूब दिसली, आणि पुढे ‘कार्ड सापडत नाही’ एवढेच. मग तो म्हणाला, की पासथ्रू करू, म्हणजे खरे कार्डच गेस्टला जोडून देऊ. आजतागायत करतोच आहे.

माझे म्हणणे असे, की ज्याला तुम्ही एम्युलेशन म्हणता ते देखावा आहे. खरे यंत्र वेळेवर चालते. पल्स मिलिसेकंदाने चुकली तर जॉब भंगारात जातो. तुमची भाषा सी असो नाहीतर रस्ट, मला त्याचे काय?

निपाणीकर

सल्लागाराने तुम्हाला फसवले, असे नाइलाजाने म्हणावे लागते. लिनक्समधील व्हीएफआयओ या यंत्रणेने पीसीआय कार्ड गेस्टला देता येते, कारण त्या कार्डाच्या डीएमएवर आयओएमएमयू या हार्डवेअरचा पहारा बसवता येतो. आयएसए कार्डाला ती सोयच नाही. वेळेबाबतही क्यूएमूने कधी सायकलनिहाय अचूकतेचा दावा केलेला नाही. सूचना मोजून घड्याळ चालवण्याचा एक पर्याय आहे, पण त्यातून मिळते ती पुनरावृत्तीची खात्री. खऱ्या चिपची चाल नव्हे. शिवाय केव्हीएमबरोबर, म्हणजे गेस्टच्या सूचना थेट खऱ्या प्रोसेसरवर चालवण्याच्या लिनक्समधल्या सोयीबरोबर, तो चालत नाही.

खानापूर रोड

मी शिकवते, म्हणून उद्यमबागच्या काकांची बाजू घेते. आमच्या प्रयोगशाळेत रास्पबेरी पायचे बोर्ड आहेत, परंतु ते कपाटात आणि कपाटाची किल्ली रजेवर, अशी स्थिती वर्षानुवर्षे आहे. मुले सगळे काही क्यूएमूवरच करतात. एका गटाने ऑपरेटिंग सिस्टिमविना सीरियल पोर्टावर मजकूर पाठवण्याचा प्रोग्राम लिहिला. क्यूएमूत अक्षर न् अक्षर बरोबर आले. किल्ली मिळाल्यावर तोच प्रोग्राम खऱ्या बोर्डावर चढवला, तर ओळीची पहिली काही अक्षरे यायची आणि पुढची गळून जायची. मुलांनी केबल बदलली, बॉड रेट बदलला, बोर्डच खराब असल्याचे जाहीर करून टाकले.

कारण असे होते, की पीएल०११ मध्ये हेक्स १८ या ऑफसेटवर फ्लॅग रजिस्टर असते आणि त्यातला पाचवा बिट ‘पाठवण्याची रांग भरली’ असे सांगतो. मुलांनी तो तपासलाच नव्हता. त्यांनी वापरलेल्या क्यूएमूच्या मॉडेलमध्ये लिहिलेला बाइट तत्क्षणी बाहेर जातो, रांग कधी भरतच नाही, म्हणून तो बिट वर येण्याचा प्रसंगच येत नाही. खऱ्या चिपला प्रत्येक अक्षर तारेवर सोडायला वेळ लागतो. डीएमएआधी कॅश साफ करायला विसरलेला ड्रायव्हरही असाच क्यूएमूत बिनबोभाट चालतो, कारण तिथे प्रोसेसरच्या कॅशचे चित्रण नाही. सांगा, ही मुले नोकरीत जाऊन काय दिवे लावणार?

टिळकवाडी

ताई, मुलांनी दस्तऐवज वाचला नाही, याचे खापर एम्युलेटरवर कशाला? ड्रायव्हर नीट चालावा एवढेच एम्युलेटरचे काम आहे, तारेचा वेग दाखवणे नव्हे. प्रत्येक बाइटाला टायमर लावलात, तर सगळे गेस्ट विनाकारण मंदावतील. उद्यमबागच्या काकांना लेथ चालवायचे असेल, तर त्यांनी नवा कंट्रोलर घ्यावा. चाळीस वर्षांपूर्वीच्या बससाठी मुक्त सॉफ्टवेअर राबणाऱ्यांना दोष देऊ नये.

उद्यमबाग

नवा कंट्रोलर घ्यावा! लेथच्या किमतीपेक्षा कंट्रोलरचे कोटेशन मोठे येते, हे लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेल्या माणसाला कसे कळणार? उद्यमबागेत एक दिवस उभे राहून पाहा, मग सल्ले द्या.

टिळकवाडी

माझे वडील उद्यमबागेतच फाउंड्रीत होते. उभे राहून पाहिले आहे.

शहापूरकर

दोघांनीही आवाज खाली करावा. खानापूर रोडच्या बाईंनी नकळत माझ्याच मुद्द्याला हात घातला आहे. खऱ्या चिपशी मॉडेल कुठे जुळवायचे आणि कुठे नाही, हा निर्णय कोणतीही भाषा घेत नाही.

मेमरी रीजनचेच, म्हणजे मॉडेलने गेस्टला दाखवलेल्या पत्त्यांच्या पट्ट्याचेच, पाहा. प्रत्येक मॉडेल सांगते, की किती बाइटांचे वाचन वैध आहे आणि कॉलबॅक स्वतः किती बाइट हाताळतो. कॉलबॅकची कमाल मर्यादा कोरी सोडली, तर क्यूएमू चार बाइट धरते. गेस्टने आठ बाइट एकदम वाचले, तर तो कॉलबॅक चार-चार बाइटांसाठी दोनदा हाक खातो. वैधतेची कमाल मर्यादा कोरी सोडली, तर कोणत्याही आकाराचे वाचन चालते. आता एखादे स्टेटस रजिस्टर वाचताच साफ होणारे असेल आणि कॉलबॅकची किमान मर्यादा लिहिणाऱ्याने विचार न करता चार केली असेल, तर गेस्टने एकच बाइट वाचला तरी मॉडेल चारही बाइट वाचून साफ करते आणि तीन बाइटांतल्या खुणा कोणी न पाहताच पुसल्या जातात. ड्रायव्हर इंटरप्टची वाट पाहत ताटकळतो. मेमरी कुठेही बिघडलेली नाही, रस्टचा कंपायलर समाधानी आहे, आणि गेस्ट अडकलेला आहे. असे पॅच शोधून पाठवायला चिपची डेटाशीट आणि सी वाचता येणे पुरते; आमच्या मुलांना तेच करू द्या.

निपाणीकर

यात एक भर घालतो. क्यूएमूच्या सुरक्षा धोरणात व्हर्च्युअलायझेशनचा वापर, म्हणजे मुख्यतः केव्हीएम आणि त्याबरोबरची विर्टिओसारखी, खास गेस्टसाठी बेतलेली डिव्हाइसेस, आणि बाकीचा वापर, अशी फारकत केलेली आहे. दुसऱ्या गटातल्या चुका साध्या चुका म्हणून दुरुस्त होतात, सुरक्षेचे दोष म्हणून नव्हे. टिळकवाडी यांचा सगळा युक्तिवाद पहिल्या गटाला लागू पडतो आणि तिथे तो मला पटतो. शिकणाऱ्या मुलाचा पहिला पॅच मात्र बहुधा दुसऱ्या गटात, एखाद्या विस्मृतीत गेलेल्या बोर्डाच्या टायमरमध्ये पडेल. तिथे सीच आहे आणि बराच काळ राहील.

टिळकवाडी

ठीक आहे. ‘एकही पॅच पाठवू नये’ हे वाक्य मी मागे घेतो. काकांचा दिवस आनंदात जावो. ‘भंगार’ हा शब्द फ्लॉपी कंट्रोलरपुरता कायम ठेवतो, आणि पहिल्या गटातले नवे डिव्हाइस कोणी आजही सीमध्ये सुरू केले, तर पुन्हा इतकेच लांब लिहीन.

उद्यमबाग

तुमचे मिटले. माझ्या कार्डाचे काय?

निपाणीकर

काका, मार्ग आहे, पण तो सल्लागाराने सांगितलेला नव्हे. क्यूएमूत पोर्टांचे वाचन-लेखनही मेमरी रीजनमधूनच जाते. तुमच्या कार्डाच्या पोर्ट पत्त्यांवर एक पोकळ आयएसए मॉडेल बसवायचे, जे काहीही करत नाही, फक्त प्रोग्रामने कोणत्या पोर्टावर काय लिहिले आणि काय वाचले याची नोंद ठेवते. सुरुवातीला प्रोग्राम कार्ड ओळखण्यासाठी एखादे ठरावीक मूल्य शोधतो, तिथेच अडखळेल. ते मूल्य परत केले की तो पुढच्या पायरीवर जाईल. असे करत करत कार्डाची आज्ञावली हाती लागते, मग तेच काम करणारा छोटा बोर्ड वेगळा बनवता येतो. पल्स तो बोर्ड सोडेल, क्यूएमू लेथजवळ येणारसुद्धा नाही. कार्डावरच्या चिपांचे क्रमांक आणि जंपरांची स्थिती स्पष्ट दिसेल असे फोटो आधी इथे टाका.

खानापूर रोड

नोंद ठेवणारे ते पोकळ मॉडेल आमच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना प्रकल्प म्हणून द्या. सीमध्येच लिहून घेईन. टिळकवाडी यांनी पुनरावलोकन करावे, ईमेलने पाठवू.