बाबांच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट जमेल का?

प्रश्न: बाबा ७१ वर्षांचे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, ११ या लॅपटॉपवर चढत नाही. वापर म्हणजे बँक, यूट्यूब आणि सोसायटीची मराठी पत्रं. विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकू का?

उत्तर: बिनधास्त टाका. आमच्या आईला मेन्यू खाली डावीकडेच सापडला, बाकी तिला सोयरसुतक नाही. मराठीसाठी कीबोर्ड सेटिंगमध्ये इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांची कळरचना) जोडा. आधी पेनड्राइव्हवरून चालवून बघा, लॅपटॉपवरचं जुनं काही पुसलं जात नाही.

उत्तर: जुनी पत्रं युनिकोडमध्ये (कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येणारी अक्षरपद्धत) आहेत ना? नसतील तर लिब्रेऑफिसमध्ये (मिंटमधलं वर्डसारखं सॉफ्टवेअर) नुसती गिचमीड दिसेल. मी हे भोगलंय.

प्रश्नकर्ता: पेनड्राइव्हवर चालवलं. वायफाय लगेच लागलं, प्रिंटर रुसलाय. बाबांचा एकच सवाल: "माझा पत्त्यांचा डाव कुठे गेला?"