मदत हवी आहे : स्थिर डिटेक्टरही का वाजतो?

नमस्कार मंडळी. मुंबई विद्यापीठात, कलिनाला, फिजिक्समध्ये एम.एस्सी. करतोय, प्रोजेक्ट उन्रू परिणामावर घेतलाय (हौस दांडगी!) आणि एका जागी अडकलोय.

१९७६ मध्ये विल्यम उन्रू यांनी दाखवलं की एकसमान त्वरणाने जाणाऱ्याला निर्वात पोकळी कोमट भासते. तापमान त्वरणाच्या प्रमाणात. पण १ केल्विनसाठी सुमारे २.५ × १०²⁰ मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरण लागतं. दादरहून सुटलेल्या फास्ट लोकलचं त्वरण १ मीटर प्रति सेकंद वर्ग धरलं, तर दारात लटकणाऱ्याच्या वाट्याला जेमतेम ४ × १०⁻²¹ केल्विन. घाम येतो तो गर्दीचा.

आता अडचण. डिटेक्टर म्हणून दोन ऊर्जापातळ्यांचा अणू घेऊन अदिश क्षेत्राशी (प्रत्येक बिंदूला फक्त एक आकडा, दिशा नाही, असं साधं क्वांटम क्षेत्र) जोडला. त्वरणात तो उत्तेजित होतो (वरच्या पातळीवर जातो, म्हणजेच डिटेक्टर ‘वाजतो’), मान्य. पण जोडणी ठरावीक वेळच चालू ठेवली, तर गप्प उभा असलेला अणूही उत्तेजित होण्याची संभाव्यता शून्य येत नाही! खटका एकदम चालू-बंद केला तर उत्तर थेट अनंताकडे पळतं. खटक्यासाठी गाऊसियन (घंटेच्या आकाराचा, हळूहळू चढून उतरणारा वक्र) वापरून, त्याची रुंदी अणूच्या आवर्तकाळाच्या बरीच वर नेली, तेव्हा स्थिर अणू शांत झाला.

मग खटक्याचा गोंगाट आणि त्वरणाची खरी खूण वेगळी कशी ओळखायची? अणूचा वरच्या पातळीवर चढण्याचा आणि खाली उतरण्याचा दर यांचं गुणोत्तर बोल्ट्झमनच्या सूत्राशी (दिलेल्या तापमानाला ते किती असावं हे सांगणाऱ्या) जुळलं की पुरे, की आणखी काही तपासावं लागतं? आणि बेरी फेज (परिस्थिती हळूहळू बदलत पुन्हा मूळ जागी आणली की क्वांटम अवस्थेत उरणारा कलाफरक) मोजून कमी त्वरणातही उन्रू परिणाम पकडण्याची कल्पना आहे, ती कुणी गणितासकट समजावेल का? शनिवारी सरांना दाखवायचंय.