मदत हवी आहे : सराफी (दागिने विकणाऱ्या कंपन्यांच्या) शेअर्सच्या तिमाही तुलनेतून सणांची सरकासरक कशी काढायची?

घटस्थापना २०२४ मध्ये ३ ऑक्टोबरला होती, २०२५ मध्ये २२ सप्टेंबरला. त्यामुळे नवरात्राचे नऊ दिवस आर्थिक वर्षाच्या दुसऱ्या तिमाहीत (जुलै-सप्टेंबर) गेले, दसरा-धनत्रयोदशी तिसरीतच राहिली. वार्षिक वाढीची टक्केवारी इथेच फसवते.

जुलै ते डिसेंबर एकत्र धरून पाहिलं, तारखांचा घोळ मिटला. पण भावाचा उरतोच. जुलै २०२४ मध्ये आयात शुल्क १५ वरून ६ टक्क्यांवर आलं, नंतर सोनं बरंच चढलं. म्हणून विक्रीला २२ कॅरेटच्या सरासरी भावाने भागून ग्रॅम काढले. तेही पटत नाही: ग्राहक जुन्या पाटल्या मोडीत देऊन नव्या घेतो, तो खिशातून घडणावळ आणि वजनातला फरक देतो, विक्रीत मात्र पूर्ण बिल दिसतं. शिवाय वेढणी (सोन्याची साधी वळी)-नाण्यांवर मजुरी नगण्य, आणि हिऱ्यांचा भाव सोन्याशी बांधलेला नाही.

फक्त शेअर बाजाराकडे दाखल झालेली मोफत कागदपत्रं वापरतोय. खरेदी-विक्रीचा सल्ला नको.

मोडीचा वाटा वजा करून मग ग्रॅम काढायचे का? आणि सरासरी भाव साधा घ्यायचा, की सणाच्या दिवसांना जास्त वजन द्यायचं? किती?