तत्त्वं गेली खड्ड्यात, रेट बोला?

खडूस_पुणेकर: काल इथेच कुणीतरी लिहिलं, "विचारधारा हे भरल्या पोटाचे चोचले. पक्षांनी कामाचा हिशेब द्यावा, प्रवचनं नकोत." वर टाळ्याही पडल्या. अहो, हिशेब तरी कुठे दिला? २०२४ च्या विधानसभेला लाडक्या बहिणीचे महिना १५०० रुपये चालू होते, महायुती म्हणाली २१००, आघाडी म्हणाली ३०००. सरळ लिलाव. मी २०१९ ला राष्ट्रवादीच्या घड्याळाला मत दिलं, ते भाजप नको म्हणून. मग भाजपसोबत पहाटेचा शपथविधी, मग आघाडी, आणि २०२४ ला तेच घड्याळ महायुतीच्या बॅनरवर. कशासाठी उभे आहोत हे पक्षाने कधी सांगितलंच नाही, तर पलटी मारल्यावर धरायचं कशाला?

माणदेशी: लिलाव म्हणायला पुण्यात बसून काय जातंय?

कोर्टकचेरी: लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम २९अ वाचा. नोंदणीच्या वेळी प्रत्येक पक्ष समाजवाद, धर्मनिरपेक्षता, लोकशाहीवर निष्ठा लिहून देतो. कागदावर सगळेच समाजवादी! काय उखडलं त्याने?

खडूस_पुणेकर: ते फॉर्म भरणं झालं. मी प्रचाराबद्दल बोलतोय. गणपतराव देशमुख बघा. सांगोल्यातून ११ वेळा आमदार, कायम शेकाप, म्हणजे मार्क्स मानणारा शेतकरी कामगार पक्ष.

माणदेशी: मी सांगोल्याचा. आमच्या घरात कुणी मार्क्स वाचून आबासाहेबांना, म्हणजे गणपतरावांना, मत दिलं नाही. माणूस एसटीने फिरायचा, पाण्यासाठी भांडायचा, सूतगिरणी उभी केली. काम बघितलं आम्ही. तत्त्व कसलं डोंबलाचं!

खडूस_पुणेकर: १९७२ ला पडले, १९९५ ला पडले. पक्ष सोडला का? ९५ ला त्यांना पाडणारे शहाजीबापू पाटील तेव्हा काँग्रेसचे, २०१९ ला शिवसेनेचे, २०२२ ला शिंदेंच्या बंडात गुवाहाटीत "काय झाडी, काय डोंगार".

माणदेशी: बापूंवर हसायचं काम नाही. निधी आणला त्यांनी.

कोर्टकचेरी: आणला, तरी २०२४ ला पाडलंत ना?

माणदेशी: हो, आणि आबासाहेबांचा नातू निवडून दिला. नातू! आता म्हणा तत्त्व जिंकलं.

खडूस_पुणेकर: शेकापकडूनच ना?

माणदेशी: आडनाव देशमुख नसतं तर बघितलं असतं शेकाप.

सुनीता_क: सांगोला आवरा आता. लिलाव म्हणणाऱ्या काकांना सांगते, पहिले पैसे आले तेव्हा मी मुलीच्या क्लासची फी भरली. नवऱ्याला विचारलं नाही. लग्नानंतर असं पहिल्यांदाच झालं. तुमची तत्त्वं इतकी वर्षं कुठे होती?

खडूस_पुणेकर: मग हे भाषणात का नाही बोलले, की बाईच्या हातात पैसा हा तिचा हक्क? ओवाळणी म्हणून दिला. रोजगार हमी अशी नव्हती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागेंनी कल्पना लावून धरली, १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर गेली, १९७७ मध्ये कायदा झाला. हक्क होता म्हणून मजूर तहसीलवर मोर्चे न्यायचे. ओवाळणी कमी पडली म्हणून कुणी मोर्चा काढतं का?

सुनीता_क: भावाशी भांडतात की बायका, बघितलं नाही वाटतं. पण बरं, २१०० चं काय झालं हे विचारायला हक्क बरा पडला असता. एवढंच मान्य. काका म्हटलेलं मागे घेणार नाही.

माणदेशी: टेंभू उपसा सिंचन योजनेच्या पाण्यावर वेगळा धागा काढतो. पुणेकरांनी तिथे यावं, तहान लागली तर.