टोटल लॉस झालेली स्विफ्ट दुरुस्त करून घेतलीय, नावावर कशी करायची?

सिंहगडरोडकर:
नमस्कार मंडळी. २०१९ ची एमएच-१२ स्विफ्ट घेतलीय. जुलै २०२४ मध्ये पुण्यात सिंहगड रोडला एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हा पार्किंगमध्येच बुडाली होती, विमा कंपनीने टोटल लॉस केली, लिलावात एका डीलरने उचलली आणि त्याच्याकडून माझ्याकडे आली. इंजिनात पाणी जाऊन कनेक्टिंग रॉड वाकले होते म्हणून दुसरं इंजिन बसवलं, वायरिंग, सीटा, कार्पेट सगळं बदललं, आता मस्त पळते. पण आरसी (नोंदणीपत्र) अजून पहिल्या मालकाच्या नावावर, त्यावर बँकेची एचपी (कर्जाच्या तारणाची नोंद) आहे आणि इंजिन नंबर साहजिकच जुळत नाही. डीलर म्हणतो मालकी बदलायच्या फॉर्म २९-३० वर सह्या आहेत, एजंट करून देईल. मला संगम पुलाच्या आरटीओत जाऊन सरळ मार्गाने करायचंय. सुरुवात कुठून करू?

गॅरेजवाला_धनकवडी:
दादा बाकी सगळं नंतर, आधी सरकारी एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून आरसी ॲक्टिव्ह आहे का ते बघा. टोटल लॉस म्हणजे गाडी भंगार असं नसतं, दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या (पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) ७५ टक्क्यांच्या वर गेला की कंपनी टोटल लॉस करते आणि पाच वर्षांच्या गाडीची आयडीव्ही एवढी उतरलेली असते की नुसत्या वायरिंग आणि इंजिननेच आकडा पार होतो. पण क्लेम विथ आरसी (म्हणजे आरसी चालू ठेवून) झालाय की विदाऊट आरसी ह्यावर सगळा खेळ आहे. विदाऊट आरसी असेल तर आरसी रद्द करून घेतलेली असते, मग ती गाडी फक्त पार्टसाठी, रस्त्यावर नाही. असल्या गाड्यांचा चासी नंबर चोरीच्या गाडीवर ठोकून विकतात लोक, म्हणून आरटीओवाले टोटल लॉस म्हटलं की बारकाईने बघतात, आणि बघायलाच पाहिजे.

सिंहगडरोडकर:
बघितलं भाऊ, ॲक्टिव्ह दाखवतंय, क्लेमच्या पत्रातही विथ आरसी लिहिलंय. जीव भांड्यात पडला.

पेठेतला_वकील:
छान, आता इंजिनकडे वळा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदललं तर १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. तुमचे दिवस उलटून गेले असतील तरी लपवू नका, आपणहून अर्ज द्या. इंजिनचं बिल पाहिजे आणि त्या बिलावर इंजिन नंबर छापलेला पाहिजे, हाताने नंतर लिहिलेला नको, आणि ते इंजिन कुठल्या गाडीतून निघालं त्याचे कागद डीलरकडून आजच मागून घ्या कारण महिन्याभराने तो फोन उचलेल ह्याची खात्री नाही.

दुसरं म्हणजे पहिल्या मालकाला स्वतः फोन करा. सह्या केलेल्या फॉर्मवर गाडी फिरत राहिली तर कायद्याच्या नजरेत मालक तेच. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार ह्या निकालात हेच सांगितलंय, गाडी कितीही हातांतून गेली तरी अपघाताची भरपाई आरसीवर ज्याचं नाव त्याच्यावर येते. हे एकदा समजावून सांगा, ते स्वतः तुमच्याबरोबर यायला तयार होतील. बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि एचपी उतरवायचा फॉर्म ३५ सुद्धा त्यांनाच मिळेल, कर्ज त्यांच्या नावावर होतं. एचपी उतरल्याशिवाय ट्रान्सफर पुढे सरकणार नाही.

सिंहगडरोडकर:
धन्यवाद सर, हे डीलरने सांगितलंच नव्हतं. तोपर्यंत गाडी ऑफिसला नेली तर चालेल का?

पेठेतला_वकील:
विमा आहे का? जुनी पॉलिसी टोटल लॉसच्या क्लेमबरोबरच संपली. निदान थर्ड पार्टी विमा आणि पीयूसी झाल्याशिवाय सोसायटीच्या गेटबाहेर काढू नका. नवीन पॉलिसी घेताना टोटल लॉस झाली होती हे स्पष्ट सांगा, नाहीतर पुढे क्लेम अडतो.

गॅरेजवाला_धनकवडी:
आणि एअरबॅगचा दिवा बघा. चावी फिरवली की लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. लागतच नसेल तर कोणीतरी बल्ब काढलाय. सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढून बघा, बुडालेल्या गाडीत आतल्या पट्ट्यावर चिखलाची रेघ असते, तसा असेल तर बेल्ट पण बदला, तो अडकला तर जिवाशी गाठ. आरटीओत चासी प्रिंट काढतात, नंबरावर कागद धरून पेन्सिल घासतात. नेण्याआधी तिथला गंज फडक्याला थोडं रॉकेल लावून पुसा, पॉलिश पेपर किंवा ग्राइंडर अजिबात लावू देऊ नका कोणाला, एक आकडा जरी पुसट झाला तरी छेडछाड केली म्हणून फाइल अडकेल.